आप्पांच्या सुया बंद

"बोटांची पार चाळण केलीन हिनं," आप्पा चादरीत तोंड घालून पुटपुटले. "पाय मोडलाय माजा, आन् रगत काढतायत बोटातलं. उद्या डोकं दुखलं तर अंगठा कापतील."

मी उशाशीच बसलेली, म्हणून मला ऐकू आलं. एरवी सिस्टर समोर आल्या की माझे सासरे निमूट हात पुढे करायचे. शेजारच्या बाबूला दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावर चढून शिव्या देताना पायाखालचा चिरा निसटला आणि ते धाडकन बाबूच्याच अंगणात पडले. गडगा कुणाच्या जागेत, यावरून दोघांचं माझ्या लग्नाआधीपासून भांडण. आता रत्नागिरीच्या दवाखान्यात आप्पांचा पाय विटा बांधून टांगलेला.

साखर बघायची सुई दिवसातून चारदा. रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी धुवायची आणि बाटलीवरच्या रंगांशी लावून बघायची. रंग रोज तोच. बाजूच्या खाटेवरचा आत्माराम, जन्म बोटीवर काढलेला माणूस, लांबूनच सांगायचा, "सिस्टर, कालचाच हाय. उगाच डोळे फोडू नका."

मग मोठे डॉक्टर रजेवर गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी आप्पांचा कागद उलटसुलट वाचला आणि सिस्टरना म्हणाले, "यांच्या सुया बंद करा. आता काही गरज नाही."

आप्पांना साखरेचा आजार नव्हताच. पहिल्या दिवशी ग्लुकोजची बाटली चालू असताना रक्त काढलं, तेव्हा साखर जास्त दिसली. तेव्हा सुरू झालेलं टोचणं थांबवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. हे सगळं डॉक्टरांनी सिस्टरना समजावलं, पण दाराबाहेर. मला कळलं ते नंतर. आत आम्ही ऐकलं ते एवढंच, की आता काही गरज नाही.

समोरच्या खाटेवरच्या केरूला मोठे डॉक्टर गेल्याच आठवड्यात अगदी असंच म्हणाले होते. त्याची सुई बंद, बाटली बंद, टॅक्सीतून संगमेश्वरला रवानगी. घरचा उंबरा ओलांडला आणि गेला.

संध्याकाळी सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि आम्हाला सोडून पुढे निघाल्या. आप्पांचा हात आपसूक चादरीबाहेर आला. "सिस्टर, ह्ये बोट ऱ्हायलं."

"तुमचं बंद झालं, आजोबा."

हात बराच वेळ तसाच हवेत होता. मग मी तो धरला आणि चादरीत घातला. गार पडला होता.

आत्मारामच्या बायकोनं, मालननं, तळलेल्या सुरमईचा मधला तुकडा आप्पांच्या ताटात वाढला. एरवी काटाही न सोडणारा आत्माराम म्हणाला, "खावा, आप्पा. आणखी हाय."

मी पोस्टात जाऊन मुंबईला नवऱ्याला आणि दिराला तार केली: 'आप्पा ठीक. ताबडतोब निघा.' तारमास्तरनं ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि शब्द मोजायला घेतले.

सासूबाई गावाहून रव्याचे लाडू घेऊन आल्या. इतके दिवस सुया बघून त्यांनी आप्पांचा चहासुद्धा बिनसाखरेचा केला होता. आता स्वतः लाडू भरवू लागल्या. "खावा. काय होत नाय आता." हे बोलल्या आणि पदर तोंडाला लावून गॅलरीत गेल्या.

सगळ्यात शेवटी बाबू आला. काखेत फणस. बराच वेळ खाटेच्या पायाशी चुळबुळत उभा राहिला. "आप्पा, गडगा तुमच्याच जागेत हाय. मी कबूल करतंय."

आप्पांचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. तो गेल्यावर मला खाली वाकायला लावून कानात म्हणाले, "सूनबाय, ह्यो कबूल करतोय म्हंजे माजं काय खरं नाय गो."

"काहीतरीच काय, आप्पा! फणस कापू का?" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळी मुंबईची गाडी आली. डॉक्टर तपासायला आले तेव्हा खाटेभोवती आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे. दीर तर बॅग खांद्यावरून न उतरवताच उभा होता.

"अरे वा! आज काय, घरचं कार्य आहे की काय?" डॉक्टर हसत म्हणाले.

नवरा घसा खाकरून म्हणाला, "नाय, सहज आलो. सुट्टी होती." मी चादर सारखी करायला लागले.

आप्पांनी तोंडातला लाडू कसाबसा गिळला आणि सासूबाईंचा हात बाजूला सारला.

"डॉक्टर, तुमी माजी सुई बंद केलीत," ते म्हणाले. "मी मरणार हाय काय?"