राखीव बाकावरची फायनल

मी एक बाक बोलतोय, पण बागेतला नव्हे. बागेतल्या बाकांच्या कानावर प्रेमाच्या गोष्टी पडतात. माझ्या कानावर बावीस वर्षं एकच वाक्य पडत राहिलं, "कोच, मला कधी पाठवताय?" मी हॅल्डन कॉलेजच्या मैदानावरचा, राखीव खेळाडूंचा बाक.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही बारा भावंडं एकाच ट्रकमधून निघालो. एक जण चर्चच्या अंगणात गेला, दोघं कोर्टाच्या दारात उतरले. तिथं बसणाऱ्यांचे चेहरे बघून मला वाटलं, आपलं नशीब चांगलं. मी ओहायोत आलो. अंग ॲल्युमिनियमचं. ऑक्टोबर लागला की माझ्यावर बसणारा प्रत्येक जण आधी "स्स्स" करतो आणि मग माझ्याकडे रागानं बघतो. थंडी काही मी पाडत नाही, पण बोल मला.

आमच्याकडे फुटबॉल म्हटलं की लोकांना चेंडू बगलेत मारून पळणारे धिप्पाड गडी आठवतात. त्यांना बघायला सगळं गाव लोटतं. आमचा खेळ पायानं खेळायचा. त्याला सॉकर म्हणतात आणि तो बघायला खेळाडूंच्या आया येतात.

त्यातल्याच एक डोरीन सोबचॅक. टोलेडोच्या एका बेकरीत कामाला. दर शनिवारी सुट्टी मागून, दोन तास गाडी चालवत यायच्या आणि माझ्या मागच्या दोरीला टेकून उभ्या राहायच्या. मुलगा एमेट, दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर. पहिल्या क्रमांकाचा टेट लिंडक्विस्ट आजारी पडत नसे, दमत नसे, चुकत नसे. त्यामुळे एमेट चार वर्षं माझ्या उजव्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी बसून होता. खेळायला मिळालेली मिनिटं, शून्य.

बसायचा मात्र मन लावून. तोंडाला विश्रांती म्हणून नाही. "कोच, त्यांचा सात नंबर लंगडतोय." "कोच, पंचांच्या बुटाची नाडी सुटलीय." कोच हॅस्किन्स म्हणायचे, "एमेट, तू गप्प बसलास तर मला मॅच दिसेल." मग डोरीनबाई दोरीवरून बटाट्याच्या पिरोगींचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा पुढं करायच्या. कोच कपाळाला आठ्या घालून "हे संघाच्या शिस्तीत बसत नाही" म्हणायचे आणि दोन उचलायचे.

एमेटच्या शेवटच्या वर्षी आम्ही कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या कॉलेजांच्या गटात, तिसरे आलो. पहिल्या चार कॉलेजांची स्पर्धा होते. आम्ही दुसऱ्या आलेल्या कॉलेजला त्याच्याच मैदानावर जाऊन हरवलं. तिकडे चौथ्या आलेल्या ब्रँडेल कॉलेजनं पहिल्याला गुंडाळलं. नियम असा, की उरलेल्यांत जो वरचा, त्याच्या मैदानावर फायनल. म्हणजे आमच्या. कॉलेजात कुणाची तयारी नव्हती. मैदान राखणारे ऑर्वल टीग म्हातारे गृहस्थ, पण त्यांनी दोन दिवसांत गवत कापलं, रेघा मारल्या, मलासुद्धा साबणानं धुतलं. जिंकणारा राष्ट्रीय स्पर्धेत जाणार होता. हरणाऱ्याच्या चौथ्या वर्षाच्या मुलांचा खेळ तिथंच संपणार होता.

आदल्या दिवशी सरावानंतर एमेट माझ्यावर बसून फोनवर बोलत होता. नेहमीपेक्षा हळू.

"आई, उद्या नको येऊस. उगीच चार तासांची ये-जा. मी बसलेलाच दिसणार."

पलीकडून काय उत्तर आलं, ते फोन स्पीकरवर असल्यानं मलाही ऐकू आलं. "मग नीट बसतोस का, ते बघायला येईन."

तो हसला. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ उठला नाही.

शनिवारी नव्वद मिनिटं झाली, एक-एक बरोबरी. मग दहा मिनिटं जादा, तरी बरोबरी. आणखी दहा मिनिटं जादा. ती संपायला चार मिनिटं असताना टेटनं एक उंच चेंडू झेलला आणि ब्रँडेलचा एक आडदांड गडी त्याच्या हातावर पडला. दुखापती बघणाऱ्या ट्रेनरबाई धावत गेल्या. टेटचं बोट जिकडं वळू नये तिकडं वळलं होतं.

कोचनी एमेटकडे पाहिलं. एमेटनं पाण्याच्या पिंपाकडे पाहिलं.

"कोच, त्यालाच ठेवा. एका हातानं तो माझ्यापेक्षा बरा आहे."

"ते मलाही माहीत आहे. पण ट्रेनर नाही म्हणतेय. हातमोजे घाल."

एमेटनं हातमोजे घातले. पहिल्यांदा उलटे. तो उठला आणि माझं उजवं टोक चार वर्षांत पहिल्यांदा मॅच चालू असताना हलकं झालं. मला ते मुळीच आवडलं नाही.

चार मिनिटं कशीबशी गेली. आता पेनल्टी, प्रत्येकी पाच. राखीव पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रेघेपाशी उभी राहिली. मी रिकामा. तेवढ्यात डोरीनबाई दोरीखालून वाकून आल्या, माझ्यावर उलट्या बसल्या, मैदानाकडे पाठ करून, आणि मफलर डोळ्यांवर धरला.

ऑर्वल टीग जवळ आले. "बाई, इथं बसता येत नाही."

"अहो, मला बघवत नाही आणि उभंही राहवत नाही."

ऑर्वलनी इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःही शेजारी टेकले. "मग मी सांगतो. पहिली. एमेट उजवीकडे झेपावला. सुरेख झेप."

"अडवली?"

"चेंडू डावीकडे गेला."

आमच्या पहिल्यानंही गोल केलेला होता, त्यामुळे बरोबरी. दुसरीही आमची आत गेली.

"आता तो डावीकडे झेपावला," ऑर्वल म्हणाले.

"आणि चेंडू उजवीकडे."

"तुम्ही मफलरातून बघताय की काय?"

"मी त्याची आई आहे. बेकरीत मीही नेहमी चुकीच्या बाजूचा ट्रे उचलते."

तिसरी अगदी हातापाशी होती, असं ऑर्वलनी सांगितलं. कुणाच्या, असं विचारल्यावर म्हणाले, गोलमागं उभ्या असलेल्या फोटोग्राफरच्या. चौथी एमेटच्या बोटांना लागली. "थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"म्हणजे आतच गेली."

आमच्या पाचही आत होत्या. ब्रँडेलची पाचवी मारायला त्यांचा कप्तान आला. ती चुकली तर आम्ही जिंकलो. ऑर्वल माझ्यावर पुढं सरकून बसले. डोरीनबाईंनी त्यांची बाही घट्ट धरली. मला डोळे मिटायची सोय नाही, म्हणून मी सगळं पाहिलं.

एमेटनं या वेळी झेपावायचंच नाही असं ठरवलेलं दिसलं. तो मधोमध उभा राहिला. कप्तान धावत आला, तसा एमेटचा धीर सुटला आणि तो उजवीकडे वळला. मग डावीकडे वळला. दोन तास तुडवलेल्या चिखलात त्याचे दोन्ही पाय सटकले आणि तो गोलकडे तोंड करून पालथा पडला. चेंडू मधोमध, सरळ आला. त्याच्या बुडावर आदळला, उसळला आणि गोलच्या आडव्या बारवरून पलीकडं पार्किंगमध्ये गेला.

दोन क्षण कुणालाच काही कळलं नाही. पंचांनाही नाही. मग आमची पोरं धावली.

"काय झालं?" डोरीनबाई ओरडल्या.

"अडवली," ऑर्वल म्हणाले.

"कशानं?"

ऑर्वलनी घसा साफ केला. "अंगानं."

"म्हणजे कुठल्या अंगानं?"

त्यांनी वाकून हळूच सांगितलं. डोरीनबाईंनी मफलर खाली घेतला. आधी त्या हसल्या, मग मफलरानं डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. माझ्यावर इतका वेळ हसत कुणी बसल्याचं मला आठवत नाही.

एमेट पोरांच्या ढिगातून सुटून आला. नाकापासून गुडघ्यापर्यंत चिखल. "आई, पाहिलंस ना?"

"पाहिलं की," त्या म्हणाल्या. "सगळं पाहिलं."

राष्ट्रीय स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात पाच गोलांनी हरलो. त्याला आता सात वर्षं झाली. मैदानावर नवे, छप्पर असलेले, गाद्यांचे बाक आलेत. मला ऑर्वलनी भंगारात जाऊ दिलं नाही, पार्किंगच्या कडेला मेपलच्या झाडाखाली बसवलं. ऑर्वलही आता घरी असतात.

गेल्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला एमेट आला होता. सोबत डोरीनबाई आणि एमेट जिच्याशी लग्न करणार आहे ती मुलगी, प्रिसिला. तिघं माझ्यावर बसली. एमेट रंगात आला होता. "कप्तानानं वरच्या कोपऱ्यात मारला. मी डावीकडे असा हवेत गेलो आणि बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला."

प्रिसिलानं संशयानं होणाऱ्या सासूकडं पाहिलं. "खरंच का हो?"

डोरीनबाईंनी डब्यातला पिरोगी तिच्या हातावर ठेवला. "अगं, मी तिथंच होते ना. याच डोळ्यांनी पाहिलंय."

आई आणि मुलगा, दोघंही माझ्यावरच बसून खोटं बोलत होते आणि दोघंही सुखात होते. मी मध्ये पडलो नाही. तुम्हीही कधी हॅल्डनला आलात तर पार्किंगपाशी थांबा, थोडं टेका आणि तुमच्या फायनलची गोष्ट हवी तशी सांगा. गार लागेल, तेवढं मात्र चालवून घ्या.