तिसऱ्या टेबलाचा हरताळ

हरताळ कडकडीत झाला तर आपल्याला काय काय मिळेल, याचा हिशेब हेरंब वैशंपायनने दाढी करता करता मांडून ठेवला होता. रविवारच्या सभेत व्यासपीठावर हातांची खुर्ची. पत्रकाच्या तळाला छापील नाव, त्यापुढे 'चिटणीस'. आणि सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे ठाकुरद्वारच्या त्या चाळीत त्याला कोणीतरी 'हेरंबराव' म्हणणार होतं. एरवी तो 'त्या नलूचा बाप' होता, आणि तेवढं म्हणतानाही लोक मयताला आल्यासारखा आवाज खाली घेत.

नलू नऊ वर्षांची. बोलायची, पण दुसऱ्याचं. सकाळी ऐकलेली वाक्यं संध्याकाळी जशीच्या तशी परत करायची. नजरेला नजर द्यायची नाही, शेजारचा स्टोव्ह भरभरला की कान दाबून कोपऱ्यात बसायची. डॉक्टरांनी तिच्या दुखण्याला तीन नावं दिली, वैद्यांनी चार, आणि तळमजल्यावरच्या तात्या ओगल्यांनी एकच दिलं, ते छापण्याजोगं नव्हतं. खायची दोनच गोष्टी. रात्री नुसता भात आणि सकाळी कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलातला कडक ब्रून पाव.

सकाळचं खातं त्याच्या बायकोकडे, कालिंदीकडे. हेरंब त्या वेळी नळावर मुंबईचा प्रश्न सोडवत असे. वैशंपायनांची सून पोरीला घेऊन रोज साडेसातला इराण्याकडे जाऊन बसते, यावर चाळीने पहिलं वर्षभर तोंडसुख घेतलं. पुढे तोंडं दुखली असावीत.

हरताळाच्या आदल्या संध्याकाळी हेरंब छातीला बिल्ला लावून इराण्याच्या गल्ल्यापुढे उभा राहिला.

"खोदादादशेठ, उद्या बंद. एक फळी जरी निघाली तरी पोरं ऐकायची नाहीत. मग मला सांगायचं नाही."

"बंद बोलला तर बंद, साहेब. पण ती छोकरी..."

"पण नाही नि बिण नाही! संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न आहे."

एवढं बोलून त्याने चार ब्रून बांधून घेतले आणि दूरदृष्टीच्या माणसासारखा घरी आला.

"हे काय?" कालिंदीने विचारलं.

"उद्याची तजवीज. हरताळ म्हणजे नुसती बोंब नव्हे, डोकं लागतं."

"अहो, ती पाव नाही खात. ती हॉटेल खाते."

"म्हणजे?"

"उद्या कळेल. तो बिल्ला काढून झोपा, टोचेल."

मागच्या हरताळाला नलू तापाने निजून होती, त्यामुळे हे प्रकरण हेरंबपर्यंत आलंच नव्हतं.

सकाळी कालिंदीने ब्रूनचे चार तुकडे करून बशीत ठेवले. नलूने ते ओळीत लावले, एकेकाला बोट लावून पाहिलं आणि चपला घातल्या. रोजच्या वाटेने निघाली ती थेट हॉटेलाच्या बंद फळ्यांपुढे. तिथे बसून ती कपाळ फळीवर आपटू लागली. मग ओरडू लागली. साऱ्या रस्त्यावर दुसरा आवाज नव्हता. हेरंबचा हरताळ खरोखरच कडकडीत होता.

नाक्यावरून तो धावत आला तेव्हा कालिंदी पायरीवर बसलेली. नलूचं कपाळ आणि फळी यांच्यामध्ये तिने आपला तळहात धरला होता. हात लालबुंद झाला होता.

"घरी ने तिला!"

"उचला तुम्ही. उचलून बघा."

त्याने उचललं. नलू त्याला चावली. मग तो मागच्या गल्लीत गेला नि दार ठोठावू लागला.

"कोण हाय?" आतून खोदादाद.

"जरा दुकान उघडा. पाच मिनिटं."

"नाय जमणार. हरतालवाला काल येऊन दम देऊन गेला. त्याला विचार."

"अहो, मीच तो!"

"मग तू तुला विचार."

हेरंबने स्वतःला विचारलं. उत्तर लवकर येईना. तेवढ्यात दार उघडलं. खोदादाद लेंग्यावर, हातात पाव कापायची सुरी.

"तासभर ऐकतोय मी. फली माझी, पन डोकं तर तिचं हाय."

"मागच्या दाराने घेऊ तिला."

"ती पुढूनच येते. तिसरा टेबल, आरशाच्या खाली. पाव मी कापायचा, सुरी दोन टाइम टेबलावर ठोकून. तुला काय मालूम नाय? बाप ना तू?"

पुढची एक फळी निघाली, आणि नलू त्या फटीतून अशी आत गेली की जणू काही झालंच नव्हतं. सुरी दोनदा वाजली. ओरडणं थांबलं.

ओरडणं थांबलं म्हणूनच तात्या ओगले चार तरुणांना घेऊन बघायला आले.

"इराण्याने फळी काढली! धरा!" तात्या ओरडले. एकाने दगड मारला. काउंटरवरची बिस्किटांची बरणी फुटली. दुसऱ्याने खोदादादवर हात उगारला.

तात्यांना हेरंब दिसला. "अरे वा, हेरंबराव! तुम्ही इथे कसे?"

जे नाव ऐकायला तो आसुसला होता, ते इतक्या गैरसोयीच्या वेळी आलं. "मी... तपासायला आलो होतो," तो म्हणाला. खोदादादने नुसतं बघितलं. कालिंदीनेही बघितलं. हेरंबने आत डोकावून पाहिलं. बशीत दोन तुकडे बाकी होते.

तो फळीच्या फटीत आडवा उभा राहिला.

"मी उघडायला लावलं. पोरीचे दोन तुकडे राहिलेत. ते होईपर्यंत कोणी आत यायचं नाही. दगड मारायचा तर मला मारा."

"अहो, महाराष्ट्र पेटलाय आणि तुम्हाला पाव सुचतोय?"

"महाराष्ट्र थांबेल हो तात्या! ती नाही थांबत!"

दगड कोणी मारला नाही. ओळखीच्या माणसावर नेम धरवत नाही. नलूने दोन्ही तुकडे चहात बुडवून सावकाश खाल्ले, बशी पालथी घातली आणि बाहेर येऊन तात्यांना त्यांच्याच आवाजात म्हणाली, "फळी काढली! धरा!"

तात्यांनी बिल्ला मागून घेतला. रविवारी व्यासपीठावर तेच बसले आणि दीड तास बोलले. त्याची किंमत श्रोत्यांनी मोजली.

खोदादादची बरणी गेली, आतली नानखटाई रस्त्यावरच्या कुत्र्यांनी हरताळ मोडून खाल्ली. पावाचे पैसे त्याने घेतले नाहीत. म्हणाला, दुकान तर बंद होतं, बंद दुकानात गिऱ्हाईक कुठलं? हेरंबची खुर्ची गेली, छापील नाव गेलं. शिवाय कालिंदीचा तळहात सुजल्यामुळे तीन दिवस नळावर, अख्ख्या चाळीदेखत, लुगडी त्यानेच पिळली. नलूला काहीच भरावं लागलं नाही. आणि कालिंदीने त्या दिवशी भरलं ते रोजचंच होतं. फरक इतकाच की त्या बिलाचा थोडा वाटा पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या नावावर पडला.