टँकरवर पुरुषांना मनाई

लातूर जिल्हा नवा झाला आणि तिसऱ्याच वर्षी आमच्याकडचं पाणी आटलं. जिल्हा नवा, साहेब नवे, त्यामुळे परिपत्रकांना मात्र ऊत आला होता. मी तेव्हा मुरुडजवळच्या एका गावात ग्रामसेवक होतो. टँकर यायच्या आधी परिपत्रक आलं: घरटी एक माणूस, बाई असो की पुरुष, रांग एकच, घागरी दोन.

पहिल्याच दिवशी बाप्यांनी कोपरं मारून बायांना मागं लोटलं आणि तिघींच्या घागरी चेपल्या. किराणा दुकानदार ईश्वरप्पा तडक पंचायतीत आले.

"तिकडं बसून हुकूम काढायला काय जातंय?" ते म्हणाले. "बाई येगळी, बाप्या येगळा. दोघांस्नी एका रांगेत उभं केलं की बाप्याच पुढं जाणार. टँकरवर बाप्या नकोच."

बोलणं जुन्या वळणाचं होतं, पण खोटं नव्हतं. नवऱ्यामागे एकटीनं शेती बघणारी केवळाबाईसुद्धा "हाव, खरं हाय" म्हणाली. ठराव झाला आणि रांग सांभाळायचं काम तिच्याकडेच आलं.

लिहिताना मी सुचवलं, "घरात बाई नसेल त्याला सूट ठेवू या का?"

"न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले. "पळवाट ठेवली की तिच्यातनं बैलगाडी जाती."

आमचं कोण ऐकतंय! मी लिहून मोकळा झालो.

पुढच्याच आठवड्यात त्यांची बायको रत्नम्मा लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला गेली. तिला अडवणार कसं? बाळंतपण हे बायांचंच काम, असं ते जन्मभर सांगत आलेले. ईश्वरप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा नेम. घरातलं पाणी दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी ते उपाशीपोटी घागर घेऊन टँकरवर गेले.

"अप्पा, मागं व्हा," केवळाबाई म्हणाली. "ठराव हाय."

"माझ्या घरचं पाणी मला पायजे."

"बाई पाठवा, घेऊन जाईल."

ते माझ्याकडे आले. ओठ सुकलेले, घागर काखेत. "ग्रामसेवक, ठराव बदला."

"सभा आठ दिवसांनी आहे," मी म्हणालो. मला जरा मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? "पण तुमच्यापुरता आज मोडायचा का? मी बघितलं नाही असं समजतो."

ईश्वरप्पांनी काखेतली घागर सावरली. मग म्हणाले, "नको. मोडायचा न्हाई." आणि रिकामी घागर घेऊन घरी गेले. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. भरल्या पोटी तत्त्व सांगणारे मी पुष्कळ बघितले होते, रिकाम्या पोटी पाळणारा हा पहिलाच.

तासा-दोन तासांनी मी त्यांच्या दुकानापाशी होतो, तेव्हा केवळाबाई त्यांच्या वाट्याच्या दोन घागरी घेऊन आली.

ईश्वरप्पा चपापले. "हे ठरावात बसतंय का?"

"बाप्यानं टँकरवर येऊ नये, असा ठराव हाय. दुसऱ्या बाईनं तुमचं पाणी आणू नये, असा न्हाई."

"मग सकाळीच का सांगितलं न्हाई?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही पाणी पायजे म्हणून सांगितलं," केवळाबाई म्हणाली. "उद्यापास्नं रोज या आन् विचारा. जमलं तर आणीन."

दुसऱ्या दिवसापासून ईश्वरप्पा भल्या सकाळी तिच्या दारात उभे. परक्या बाईला विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. पहिले दोन दिवस नुसतंच खाकरले. मग शब्द फुटले: "केवळाबाई, आज पाणी आणता का?" आठ दिवसांनी सभा झाली, तेव्हा ठराव बदलायचा विषय त्यांनी काढलाच नाही. महिनाभरात विचारणं इतकं अंगवळणी पडलं, की दुकानात गिऱ्हाईकालाही ते "साखर देऊ का?" असं मऊपणानं विचारू लागले. लोकांना वाटलं, अप्पांची तब्येत बिघडली.

सव्वा महिन्यानं रत्नम्मा परतली. दुसऱ्या सकाळी टँकरचा भोंगा वाजला. मी तेल घ्यायला दुकानात गेलो होतो. तिनं पूर्वीसारखी घागर कमरेवर घेतली, तेवढ्यात ईश्वरप्पा सवयीनं बोलून गेले, "पाणी आणतीस का?"

रत्नम्मा थबकली. सव्वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला पहिल्यांदाच आला होता. तिनं घागर खाली ठेवली आणि खरोखर विचार केला.

"आज नको," ती म्हणाली आणि खाटेवर जाऊन आडवी झाली.

ईश्वरप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पायात वहाणा सरकवून ते केवळाबाईच्या घराकडे निघाले.