लाल कार्डाचा आठवडा

सामन्यात लाल कार्ड मिळालं की त्या मुलीचा सराव आठवडाभर बंद, आणि सरावाच्या वेळात तिने अभ्यासिकेत बसायचं, असा मुलींच्या त्या फुटबॉल क्लबचा नियम होता. तो प्रशिक्षक शेखर सरांनी केला होता. मैदान दिसत राहतं पण पाय लावता येत नाही, यानेच पोरी ताळ्यावर येतात, असं ते म्हणत.

"एक पाठवतोय, मॅडम," ते दारातूनच सांगत. "दोन-चार गणितं घाला. डोकं थंड होईल."

छाया मॅडम भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होत्या. क्लबने त्यांना मुलींच्या अभ्यासासाठी नेमलं होतं. आपला विषय शिक्षा म्हणून वापरला जातो, हे त्यांना खटकत असे. पण त्या कधी बोलल्या नव्हत्या.

'खेळही, शिक्षणही' असं क्लबच्या फलकावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात पहाटे सराव, मग शाळा-कॉलेज, चार वाजता पुन्हा सराव, जेवण, आणि त्यानंतर अभ्यासिका. जेवून आलेल्या मुली पुस्तकावर डोकं टेकून झोपी जात. छाया मॅडम त्यांना उठवत नसत. दिव्यांपैकी निम्मे बंद करत.

हर्षाली त्यांच्यातलीच एक. अकरावी सायन्स घेतलेली क्लबमधली ती एकटीच. देवळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आई लंकाबाई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाई, वडील त्याच व्यापाऱ्याचा टेम्पो चालवत. हॉस्टेल आणि कॉलेजची फी क्लब भरत होता. क्लब सुटला की नाशिक सुटणार आणि नाशिक सुटलं की सायन्स, हे तिने पहिल्याच दिवशी मॅडमना सांगितलं होतं, कुणी घराचा पत्ता सांगावा तसं.

जानेवारीत तिला त्या मोसमातलं तिसरं लाल कार्ड मिळालं. त्या दिवशी छाया मॅडम योगायोगाने सामना बघायला गेल्या होत्या. क्लब तीन गोलांनी पुढे होता. हर्षालीने मैदानाच्या मधोमध, जिथून कुणालाही गोल करता आला नसता अशा जागी, एका मुलीचा शर्ट ओढला. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. फ्री किक द्यायची तर तिने चेंडू उचलून कुंपणापलीकडे भिरकावला. दुसरं पिवळं, म्हणजे लाल. बाहेर जाताना तिने शर्ट ओढलेल्या मुलीच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

मॅडमना ती थाप विचित्र वाटली. चिडलेला माणूस जागा निवडत नाही.

सोमवारी चार वाजता हर्षाली अभ्यासिकेत आली ती केस विंचरून, पाण्याची बाटली भरून. बाहेर शिट्टी वाजली. ओझरच्या विमानतळाच्या बाजूने एक लढाऊ विमान गेलं आणि आवाज त्याच्या मागून आला.

"हे मला विचारायचंच होतं," ती म्हणाली. "आपण आवाजाकडे बघतो तिथे विमान नसतंच."

मॅडमनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. मग खडू ठेवून त्यांनी विचारलं, "परवा कुणाचा राग आला होता?"

"कुणाचाच नाही."

"मग चेंडू?"

हर्षालीने आकृती वहीत उतरवून पूर्ण केली. "जेवण झाल्यावर मला ओळी नुसत्या दिसतात, मॅडम. कळत नाहीत. चार वाजता कळतं."

"सरांकडे वेळ मागून घ्यायचा."

"यशोदाने मागितला होता. मागच्या वर्षी, दहावीला. सर म्हणाले, आधी ठरव, खेळायचंय की शिकायचंय. मग तिला बाकावरच बसवलं. दिवाळीला गेली ती आलीच नाही."

"आणि तुला काढलं तर?"

"रागीट मुलीला काढत नाहीत." ती हसली. "सर स्वतः लाल कार्डावर किती वेळा बाहेर गेलेत ते कौतुकाने सांगतात. मला तर वाघीण म्हणतात. आणि मी कुणाला लागू देत नाही. आपण पुढे असलो तरच करते."

"एवढा विचार करून?"

"तुम्हीच म्हणता ना, अंदाजे काही करायचं नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "कुणाला सांगू नका हं, मॅडम."

मॅडम हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "पुढचं गणित घे," म्हणाल्या.

त्याच आठवड्यात शेखर सर त्यांना व्हरांड्यात भेटले. "शनिवारी कमिटी आहे. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं ते ठरेल. तुमच्या हर्षालीचं अवघड दिसतंय. तिसरं लाल कार्ड."

छाया मॅडमनी दोन दिवस विचार केला. सरांचं निरीक्षण बरोबर होतं, पण त्याला लावलेलं कारण चुकीचं होतं. चुकीच्या कारणावरून एका मुलीचं सायन्स सुटणार होतं. कारण दुरुस्त केलं की निष्कर्षही दुरुस्त होतो, असं त्या वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. हर्षालीला त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

शनिवारी क्लबच्या ऑफिसात चहा आला. अध्यक्ष महेशभाऊ बांधकामाच्या धंद्यातले, बोलायला मऊ. "आता हर्षाली," ते म्हणाले. "हिच्या रागाचं काय करायचं?"

"भाऊ, तिला राग येतच नाही," छाया मॅडम म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मॅडमनी क्रमाने सांगितलं. मैदानातली जागा, गोलफरक, पाठीवरची थाप, अभ्यासिकेतले चार ते सातचे तास. यशोदाचंही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तिला अभ्यासाला दिवसाउजेडी वेळ द्या. कार्डं आपोआप थांबतील."

शेखर सरांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे ठरवून?"

"हो. पण कुणाला इजा होऊ न देता."

"माझ्या तोंडावर मला बनवलं तिने. मी पोरींना सांगत फिरतो, जिगर बघा हिची."

महेशभाऊंनी सावकाश मान हलवली. "मॅडम, आम्ही तिला ठेवणारच होतो. सर अवघड म्हणतात, ते सगळ्यांचंच अवघड म्हणतात. रागासाठी एक समुपदेशक बाई बघून ठेवल्या होत्या. मुंबईच्या एका क्लबनेही चौकशी केली होती. राग असला तर वळवता येतो हो. त्याशिवाय खेळाडू होतो का? पण जी पोरगी टीमला दहा जणींवर सोडून ठरवून बाहेर जाते, तिचं काय वळवायचं?"

"तिला फक्त शिकायचंय," मॅडम म्हणाल्या.

"मग शिकू द्या की. आम्ही कुठे अडवतो?"

विषय तिथे संपला. पुढच्या वर्षाची वाट न बघता हर्षालीचं नाव त्याच महिन्यात कमी झालं.

हर्षालीला न्यायला लंकाबाई एकट्याच आल्या. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या, परतीची संध्याकाळी सीबीएस स्टँडवरून होती. पोरीची पेटी दाराशी ठेवून त्या अभ्यासिकेत टेकल्या.

"सर फोन करायचे, तुमची पोर लय तापट हाय म्हनून," त्या म्हणाल्या. "तीनदा फोन. तीनदा मी माफी मागितली. घरात तर कधी आवाज चढवला नाय तिनं. म्हनलं, नाशिकला येऊन बिघडली आसंल. आता म्हनता तापट नाय. मंग काढलं कशापायी?"

"तिने ते अभ्यासासाठी केलं होतं."

लंकाबाईंनी दाराशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं. "आन् हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी."

"आस्सं." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "तापट ऱ्हायली आसती तर बरं झालं आसतं मंग."

हर्षाली दारात उभी होती. तिच्या हातात मॅडमचं भौतिकशास्त्राचं पुस्तक होतं. ते तिने टेबलावर ठेवलं.

"राहू दे तुझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "गावाकडे सायन्सची काहीतरी सोय बघू. मी फोन करते."

"कुणाला?"

मॅडमनी पुस्तक पुन्हा तिच्याकडे सरकवलं.

"तुम्हाला वाटलं, क्लबची माणसं मला कळत नसतील," हर्षाली म्हणाली. आवाज अगदी साधा होता, शंका विचारतानाचा. "मला त्यांचं सगळं कळत होतं, मॅडम. तुमचंच कळलं नाही."

तिने पेटी उचलली. आईने एक कडी धरली, दुसरी तिने. फाटकातून बाहेर पडताना तिने मैदानावर सराव करणाऱ्या मुलींकडे पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी व्हरांड्यात नवा नियम लागला. लाल कार्ड मिळालेल्या मुलीने सरावाच्या वेळात मैदानावर पाणी मारायचं आणि जाळ्या बांधायच्या. अभ्यासिकेत बसायचं नाही. शेखर सर आता छाया मॅडमशी कामापुरतं बोलत. अभ्यासिका चार ते सात बंद राहू लागली, वीज वाचते म्हणून.

जेवणानंतर ती पूर्वीसारखीच उघडे. मुली येत, पुस्तक उघडत, झोपत. छाया मॅडम निम्मे दिवे बंद करत.