जमनीची आंघोळ

"भूक नसल तं उठा खुशाल, पन हे तोंड चुकवून उठनं काय लावलं तुमी?"

रंगूबाईनं चुलीपुढून विचारलं तेव्हा शालिग्राम अर्धी भाकर ताटात टाकून अंगणात पोचले होते. ऐकलंच नाही अशा बेतानं त्यांनी तोंडावर पाणी मारलं, उपरण्यानं पुसलं आणि बायकोशी एक शब्दही न बोलता शेताची वाट धरली.

मग सगळा रोख सुनेकडे वळला. "पाह्यलं राखी? परवापासून असंच चालू हाय. मी समोर आली का मान खाली. जसं का मी मास्तरीन हाय अन् यायचा पाढा पाठ नाई."

"बरं नसल मामाजीले," राखी म्हणाली.

"बरं नसतं तं कण्हले असते. या मानसाले नुस्ती शिंक आली तं शेलूबाजारपावतर खबर जाते. हे दुसरंच काई हाय."

राखी तोंडातल्या तोंडात हसली आणि फोडणीकडे वळली. रंगूबाईनं कान दिला. मोहरीची तडतड बसली तशी म्हणाली, "टाक आता लसन." लसूण करपायला आला की नाही हे ती पातेल्यात डोकावून पाहायची. राखीला वाटायचं, सासूला माझा भरवसा नाही. खरी गोष्ट वेगळी होती. करोनात रंगूबाईचं नाक गेलं होतं आणि ते परत आलंच नव्हतं.

दूध नासायच्या आधी ओळखणारी, कढत्या लोण्याचं तूप झालं की ओसरीतून 'उतरव' म्हणून ओरडणारी बाई ती. शेजारणीच्या घरची डाळ लागली तर त्या शेजारणीच्या आधी हिला कळायचं. अशा नाकावाल्या बाईचं नाकच गेलं, हे गावात सांगायचं कोणत्या तोंडानं? तिनं एकाच माणसाला सांगितलं. एका दुपारी, गोठ्यात, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, शालिग्रामला. तेव्हापासून दूध तापवायच्या वेळी ते काहीतरी निमित्त काढून चुलीजवळ यायचे आणि दूध बिघडलेलं असलं तर हळूच खोकायचे. बाकी घराला वाटायचं, म्हाताऱ्याला धूर सोसत नाही.

असा हा नवरा. आता नजरेला नजर देत नव्हता.

त्यांच्या घरामागच्या शेताचा एक तुकडा शेलूबाजारच्या अलीकडे रस्त्याला लागून होता. आसपासच्या सगळ्यांनी सोयाबीन आणि तूर सोडली नाही, तेव्हा रंगूबाईनं तिथं शेततळं खोदायला लावलं आणि त्यात मासे सोडले. भाऊबंद हसले. 'आता बस म्हना बाजारात तराजू घेऊन!' ती बसलीही, पदर खोचून, हसणाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. पुढं तिच्या ध्यानात आलं की मोठा मासा विकण्यापेक्षा माशाची पिल्लं विकण्यात डोकं आहे. मग तळ्याच्या पाळीला सिमेंटचा हौद आला. थंडी ओसरताना अंड्यावर आलेले सायप्रिनस जातीचे मासे ती तळ्यातून हौदात काढायची, वर पाण्यावर तरंगणारी जलकुंभी सोडायची. मासळी जलकुंभीच्या मुळांना अंडी चिकटवायची. मंगरूळपीरकडचे आणि मालेगावकडचे शेतकरी पिल्लं न्यायला तिचा पत्ता विचारत यायचे. तिथं तिला कोणी शालिग्रामची बायको म्हणत नव्हतं. शालिग्रामलाच लोक 'तळ्यावाल्या बाईचे मालक' म्हणायचे, आणि तेही हसून ओ द्यायचे.

नवा मोठा महामार्ग झाला आणि पोरगा हरीओम फिरला. त्याला ती जागा ट्रका उभ्या करायला आणि ढाब्याला पाहिजे होती. तळ्याचं पाणी त्याला पाणी दिसतच नव्हतं. त्याला तिथं मुरूम टाकलेला दिसायचा. दिवाळीत सगळे जेवायला बसले असताना त्यानं पुन्हा विषय काढला, तेव्हा रंगूबाईनं वाढता वाढता सांगून टाकलं, "माही जमनी जिती हाय तोवर त्या तळ्यात मातीची पाटी पडनार नाई. ते गेली का मंग बुजवा खुशाल. मी हूं का चूं करनार नाई."

जमनी म्हणजे हौदातली सगळ्यात थोराड मासळी. बोटाएवढी होती तेव्हापासून रंगूबाईच्या हातची. आणि रंगूबाईनं शब्द दिला म्हणजे तो फिरत नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

आज रंगूबाई जेवायला बसली, तिचा शेवटचा घास व्हायचा होता तेवढ्यात हरीओमची हाक आली. तळं घरातून दिसायचं. पाळीवरून तो हात हलवत होता.

"माय! लवकर ये. मासे गेले!"

ती हात न धुता धावली. मागून राखी.

हौदातले सगळे मासे आडवे झाले होते. जलकुंभीच्या पानांमधून पांढरी पोटं दिसत होती. जमनी एका कोपऱ्यात भिंतीला लागून होती, कल्ले मिटलेले, डोळा उघडा. रंगूबाईनं तिला खालून हात घालून उचललं. एरवी तिला धरायचं तर डोळ्यांवर ओलं फडकं टाकावं लागायचं, तरी ती हात निसटवायची. आज ओल्या धोतराच्या पिळ्यासारखी हातात पडून राहिली.

"त्या बाजूच्यानं सकाळी हरभऱ्यावर फवारा मारला," हरीओम सांगत होता. "हवा इकडची. सारं औषध आपल्या हौदात आलं. पाय ना, वास येऊन राह्यला. घे तू, वास घे."

रंगूबाई वाकली. सवयीनं श्वास ओढला. काहीच नाही. पाणी नाही, मासा नाही, शेवाळ नाही, औषध नाही. पोरगा तिच्याकडे पाहत होता. सून पाहत होती.

"हो," ती म्हणाली. "येऊन राह्यला. लय येऊन राह्यला."

शालिग्राम मोटरच्या पेटीजवळ बाभळीला टेकून उभे होते. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

"माय," हरीओमचा आवाज मऊ झाला, "आता तूच बोलली होती. दिवाळीले."

"बोलली होती. मी कुठं नाई म्हनून राह्यली? बोलाव तुहं जेसीबी." एवढं बोलताना तिचा आवाज हलला नाही. हलला असता तर ती रंगूबाई कसली?

"मी घेऊन जातो यायले. टेम्पो उभा हाय. दूर खड्ड्यात पुरून टाकतो, तुह्या डोळ्यापुढं नको."

पाळीखाली खरंच टेम्पो उभा होता, त्यात निळा ड्रम. रंगूबाईला त्या वेळी एवढंही सुचलं नाही की फवारा आज सकाळचा, मग टेम्पो कधी सांगितला? तिच्या मनात एकच गोष्ट होती.

"खड्ड्यात कायले? ते काय कुत्रं हाय? माह्या घरची लेकरं पोसली तिनं. बिनाआंघोळीची नाई जानार. राखी, घरून हळद आन. अवो, मोटर चालू करा."

शालिग्राम जागचे हलले नाहीत. "लाइन नाई."

"आत्ता तं होती."

"गेली. राहू दे ना आता. माशाले कोन आंघोळ घालते? लोक हसतीन."

"लोक हसले म्हनूनच हे तळं झालं. चालू करा."

राखी हळद आणायला वळली होती ती पेटीजवळ थबकली. "लाइन हाय मामाजी. लाल दिवा लागून हाय."

शालिग्रामनी सुनेकडे पाहिलं, मग हरीओमकडे, आणि शेवटी बटण दाबलं. बोअरचं पाणी पाइपातून आधी गुळण्या करत आलं, मग जोरानं खालच्या सिमेंटच्या कुंडीत पडू लागलं. रंगूबाई कुंडीच्या काठावर बसली. घरच्या माणसाला शेवटची आंघोळ घालतात तशी तिनं जमनीला मांडीवर घेतलं, डोक्याकडून पाण्याखाली धरलं, राखीनं आणलेली हळद खवल्यांवरून हळूहळू चोळली. पाणी माशाच्या तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडत होतं. ती बोलत होती, कोणाला ऐकू जाईल न जाईल अशी. "तू गेली, बरं झालं. नाईतं तुह्या अंगावर मुरूम पडलेला पाहा लागला असता मले."

कल्ला हलला.

पाण्याच्या धारेनं हलला असेल, असं वाटून तिनं जमनीला धारेतून बाजूला घेतलं. कल्ला पुन्हा हलला, आपला आपण. मग तोंड उघडलं, मिटलं. तिनं घाईनं पुन्हा पाण्याखाली धरलं. थोड्या वेळानं जमनीच्या पाठीत एक जोर आला आणि शेपटीचा असा फटका बसला की हळदीचं पाणी रंगूबाईच्या तोंडावर, कुंकवावर, लुगड्यावर उडालं.

"अवं माय!" राखी खाली बसली. तिनं माशाकडे तोंड नेलं आणि बावचळून सासूकडे पाहिलं. "आई, हिच्या तोंडातून लवंगीचा वास येऊन राह्यला. अन् हौदातूनबी. बम येऊन राह्यला. मले वाटलं, कोनाची दाढ दुखून राह्यली असल. तुमी तं औषधाचा म्हनाल्या..."

 रंगूबाईनं जमनीला कुंडीतल्या ताज्या पाण्यात सोडलं. मासळी एका अंगावर कलली, सावरली, पुन्हा कलली.

लवंग. गेल्या साली सरकारी ट्रेनिंगहून हरीओम लवंगाच्या तेलाची बाटली घेऊन आला होता. स्पिरिटात कालवून थोडं पाण्यात टाकलं की मासा गुंगतो, म्हणे. वजन करा, गाडीतून न्या, तडफडत नाही, खवलं उपटत नाही. चांगल्या पाण्यात सोडला की उठतो. तिनं करूनही पाहू दिलं नव्हतं. 'माह्या माशाले नशा करतं का रे? मी ओल्या फडक्यानं धरतो ते काय वाईट हाय?' त्यावर पोरगा खूप बोलला होता आणि तिनं अर्धं ऐकलं होतं.

"बाकीचे आन," ती राखीला म्हणाली. "एकेक करून. धार तोंडावर धर."

"माय, आयक," हरीओम पुढं आला. "मारले नाई मी. नुस्तं तेल हाय ते. मारायचे असते तं दुसरं काई टाकलं असतं ना? किन्हीराजाले दोस्ताचं तळं हाय, तथी सोडनार होतो. ड्रमात पानी भरून ठेवलं हाय, पाय पाह्यजे तं."

"तुह्यासंग मंग बोलतो मी. पैले एक सांग. मले तू वास घ्यायले लावला. लवंगीचा घमघमाट सुटलेला, अन् तू स्वताहून म्हनाला, घे वास. भेव काहून नाई वाटलं तुले?"

हरीओमची नजर गेली मोटरच्या पेटीकडे, बापाकडे.  

रंगूबाईला विचारायचं काही उरलं नाही. पाइपाचं पाणी पडत होतं, राखी हौदातून एकेक मासा ओंजळीत आणत होती आणि कुंडीत हळूहळू पाठी हलायला लागल्या होत्या. ती उठली. ओल्या लुगड्यानं, कपाळावरचं कुंकू हळदीत कालवलेलं, तशी चालत बाभळीपर्यंत गेली.

शालिग्राम या वेळी पळाले नाहीत. "जीव घेऊ नको, असं मीच सांगितलं त्याले," ते म्हणाले. "ते तं विष टाकनार होतं."

"हं."

"तुह्यासंग बोलून कोन जितलं आजवर, रंगू? पोट्टा रोज माह्यापाशी येऊन रडते. मी कोनाले सांगू? मले या घरात कोन पुसते? तुह्या तळ्यावर आलेला मानूस मले म्हनते, मालक, बाईले बोलवा. मलेबी वाटते ना एखादी गोष्ट माह्या म्हनन्यानं व्हावी."

यातलं अर्धं खरं आहे, हे तिला समजत होतं. तेच जास्त लागत होतं. नवऱ्याच्या हाताला काय कामाची सवय आहे, तो रात्री कोणत्या कुशीवर झोपतो, हे तिला पाठ होतं. त्याला काय वाटतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पण तिनं त्याला आपली एक उणीव दिली होती, सगळ्या जगातून निवडून. ती त्यानं पोराच्या हातात ठेवली.

"म्हनायचं होतं," ती म्हणाली. "रंगू, मले हे तळं नको. एवढंच. मी भांडली असती, भांडे आपटले असते. चार दिस बोलली नसती. मंग कदाचित ऐकलंबी असतं."

"तू ऐकलं असतं?"

"ते आता कोनाले कळनार?"

मागं कुंडीत पाणी उसळलं. राखी ओरडली, "आई, सारे उठून राह्यले! लहान्यानं तं उडी मारली!" हरीओम टेम्पोवाल्याला हातानं जा म्हणून खुणावत होता. शालिग्रामचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या," रंगूबाई म्हणाली. "मोटर मी बंद करीन. तळं राहीन. जमनी जिती हाय, माहा शब्दबी जिता हाय. पोट्टा लबाड निंगाला, त्याले मी सरळ करतो, लबाडाचं काई अवघड नसते."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. या वेळी त्यांनाही मान खाली घालता आली नाही.

"पन तुमी वाईट मानूस नाई. वाईट असते तं मी पैल्या दिसापासून सावध राह्यली असती."