आकड्यांचा इस्त्रीवाला

दचकू नका, मी बोलतोय. प्रयोगशाळेतल्या एका संगणकात राहणारा, सत्तावन्न ओळींचा प्रोग्रॅम. ओळी मोजक्या, पण ऐट केवढी! ती कशी उतरली, तेच सांगायचंय.

माझं काम इस्त्रीवाल्याचं. स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र वस्तूवर किरण टाकतं आणि परत आलेले किरण मोजून आलेख काढतं. आलेखात टेकडी कुठे आली यावरून वस्तूत कोणता धातू आहे ते कळतं. पण यंत्राचा हात थरथरतो, आलेख काटेरी येतो. मग मी प्रत्येक बिंदूची त्याच्या शेजाऱ्यांबरोबर सरासरी काढून सुरकुत्या मोडतो. दोन बिंदूंमध्ये जागा रिकामी असली, तर तिथे काय असेल ते अंदाजाने भरतो. न पाहिलेलं छातीठोकपणे सांगणारे माणसांतही पुष्कळ असतात, म्हणून मला त्याची कधी लाज वाटली नाही.

मला लिहिलं एका संशोधकाने, त्याच्या प्रबंधासाठी. त्याच्या आलेखातल्या टेकड्या ऐसपैस. म्हणून किती शेजारी घ्यायचे त्या जागी त्याने एकतीस लिहिलं आणि पुढे टीप जोडली : 'तात्पुरता आकडा. नंतर बघू.' प्रबंध झाला, नोकरी लागली, लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले. ते 'नंतर' काही उगवलं नाही.

त्याची धाकटी बहीण, म्हणजे नात्याने माझी आत्या, खेळणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत लागली. तेव्हा त्याने मला तिच्या हवाली केलं. दादाने दिलंय म्हणजे चांगलंच असणार, असं तिने धरलं. आत्याचे साहेब तर माझ्यावर खूश. "वा! काय गुळगुळीत आलेख! अहवाल बघायलाही बरं वाटतं." मी आणखी फुगलो.

मग एक दिवस चाकांवरची लाल लाकडी बदकं आली. रंगात शिसं आहे का ते बघायचं होतं. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला धोका, आणि लहान मुलं खेळणं आधी तोंडात घालतात. शिशाची टेकडी अरुंद, जेमतेम आठ बिंदूंची. मी ती एकतीस शेजाऱ्यांत वाटून टाकली. लोक राईचा पर्वत करतात, मी टेकडीचं मैदान केलं. अहवालात आलं, 'शिसं आढळलं नाही.' आत्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकात काहीतरी अपडेट झालं आणि मी बंद पडलो. आत्याला फाइलसाठी आलेख पुन्हा छापायचा होता. तिने तीनदा मला चालू करून पाहिलं, मी ढिम्म. वैतागून तिने यंत्राचा मूळ आलेख उघडला. काट्याकुट्यांतून ती टेकडी सरळ वर आलेली होती.

तिने तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, ते एकतीस कशासाठी आहे?"

"कुठलं एकतीस?" मग त्याला आठवलं. "अरे देवा. ते अजून तसंच आहे?"

"तू सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस गं."

तिने फोन ठेवला. माझ्याबद्दल बोलायला तसं उरलंच काय होतं?

आत्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "अहो, सही झालीय. दुपारी माल दुकानांत जाणार. आता मागे घेतलं तर आपलं हसं होईल."

"सही माझी आहे साहेब, हसंही माझंच होऊ दे. बदकं मुलांच्या तोंडात जाणार आहेत." असं म्हणून तिने गोदामाला फोन केला. "माझी चूक झालीय. माल सोडू नका."

मग तिने तीन बदकं यंत्राखाली जास्त वेळ ठेवून, माझ्याशिवाय मोजली. तिन्हींत शिसं निघालं. माल गोदामातून हलला नाही.

आता मी दुरुस्त झालोय. एकतीसचे पाच झालेत. माझ्या रेषेखाली मूळ काटेरी आलेख फिक्या रंगात कायम दिसतो, म्हणजे मी काय दाबून बसलोय ते कुणालाही कळावं. ती टीप खोडून आत्याने लिहिलंय, 'आधी मूळ आलेख बघ.' माझ्या हातचे जुने अहवाल ती एकेक करून पुन्हा तपासतेय, आणि प्रत्येक फाइल उघडली की मला धडकी भरते.

तेव्हा मंडळी, गुळगुळीत रेषा दिसली तर भुलू नका, खालचे काटेही बघा. अकरा वर्षं मी न थकता चाललो आणि शाबासकी मिळवली. पण मुलांच्या कामी आलो तो एकाच सकाळी, बंद पडलो तेव्हा.