उद्या पैसे कापले जातील

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या माणसावर ओरडणं हा माझा धंदाच, त्यामुळे डोकं कायम तापलेलं. आई अगदी उलट. मुळातच भिडस्त, आणि त्यात पक्षाघातानं वाचा गेली. मग दवाखान्यातल्या ताईंनी तिच्या टॅबलेटवर एक अ‍ॅप घालून दिलं. चित्र दाबलं की टॅबलेट तिच्या वतीनं बोलतो. सगळ्यात मोठं बटण हिरवं, ‘हो’. आई तेच आधी शिकली. चहा घेणार? हो. खिडकी उघडू? हो. स्वतःहून काही म्हणायची नाही, पण विचारलं की उत्तर द्यायची. मला तेवढंही खूप होतं.

झालं काय, की टॅबलेटवर मध्येच जाहिराती उघडायच्या. ‘आठवडाभर फुकट वापरून बघता का?’ आणि खाली हिरवं बटण! कुणी इतकं आपुलकीनं विचारतंय म्हटल्यावर आई कशी गप्प बसेल? मांजरांच्या आहाराचा सल्ला, हो. पोट कमी करायचे व्यायाम, हो. आमच्या घरात मांजर नाही, आणि आईच्या अंगावर आहेच काय कमी करायला! फुकटाचा आठवडा संपला की पैसे मात्र माझ्या कार्डावरून जायचे, कारण बोलणाऱ्या अ‍ॅपसाठी मीच ते जोडून ठेवलं होतं. मला पत्ताच नव्हता.

परवा शाळेतल्या एका मास्तरांना गाडी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर यांना स्टिअरिंग धरायची हौस आलीय. तेवढ्यात फोन वाजायला लागला, एकामागून एक मेसेज. ‘उद्या आपल्या खात्यातून पैसे कापले जातील.’ मांजराचे, पोटाचे, आणखी दोन कसले कसले. शेवटचा मेसेज आईच्या अ‍ॅपचा, वर्षभराच्या पैशांचा. खात्यात होतं ते आधीचे चौघेच गिळणार होते. पैसे भरले नाहीत तर अ‍ॅप बंद, म्हणजे आई पुन्हा मुकी.

“मास्तर, गाडी बाजूला घ्या!” मी अशी किंचाळले की त्यांनी ती थेट फुटपाथवर चढवली.

बँकेला फोन लावला तोच भांडायच्या तयारीनं. मागे मी स्वतः घेतलेली एक वर्गणी बंद करायला निघाले होते. सुरू करायला एक बोट पुरलं होतं. बंद करायला फोन, मेल आणि वर ‘आम्हाला का सोडून जाताय?’ शेवटी हात टेकले होते. पण बँकेतली बाई शांतपणे म्हणाली, “आता नवा नियम आलाय. कापण्याआधी त्यांना कळवावंच लागतं. मेसेजखालीच ‘बंद करा’ आहे, ते दाबा. आधी न कळवता कापलेत त्याची तक्रार मी नोंदवते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मी चौघांना बंद केलं, आईचं चालू ठेवलं. जीव भांड्यात पडला. भांडायला कुणी उरलंच नाही, तर मी त्या बाईला इतके आशीर्वाद दिले की तिलाच फोन ठेवायची घाई झाली.

घरी आले तर टॅबलेट टेबलावर पालथा. बँकेच्या आधी मी आईजवळ थांबलेल्या मावशीला फोन करून ओरडले होते, आईला काही दाबू देऊ नकोस म्हणून. मावशीनं तिला सांगून टाकलं होतं, “अगं, तुझ्या दाबण्यानं पोरीचे पैसे जातात.” मी विचारलं, “आई, चहा?” आईनं हात मांडीवरून हलवला नाही. बाहेर अ‍ॅप वाचवून आले आणि घरात आईच गप्प झाली होती.

मी टॅबलेट सरळ केला, तिच्यापुढे बसले. “आई, ऐक. आता मला कळवल्याशिवाय कुणी पैसे नाही घेऊ शकत. मी ‘नको’ म्हटलं की विषय संपला. हे कुणी तरी, कुठल्या तरी कचेरीत बसून, तुझ्यासारख्या माणसांचा विचार करून ठरवलंय. कोण ते मला माहीत नाही, पण भेटला तर पाया पडेन त्याच्या. तू दाब गं. हवं ते दाब. चुकलं तर चुकलं.”

आईनं मांडीवरचा हात उचलला. मग तिचं बोट चित्रांवरून फिरू लागलं. हिरव्या बटणावर ते थांबलं नाही, पुढे गेलं. टॅबलेट बोलला, “तू.” मग, “जेवण.” मग तिनं भुवया उंचावल्या आणि कोपऱ्यातलं प्रश्नचिन्ह दाबलं.

आजारपणानंतर आईनं मला काही विचारायची ही पहिलीच वेळ.

“नाही गं जेवले,” मी म्हणाले, आणि मास्तरांसारख्यांना घाम फोडणाऱ्या या बाईनं तिथंच भोकाड पसरलं.